हायस्कूल आणि त्याचें गांव

नागपुराहून नैर्ऋत्येस हिंगण्याकडे जाणारा रस्ता आज एका लांबट शहराचेंच रूप पावला आहे. १९६० नंतरच्या दशकांत या बाजूस औद्योगिक वसाहत उभी राहिली, कारखान्यांमागोमाग बिऱ्हाडें आलीं, बिऱ्हाडांमागोमाग भूखंड पडले, आणि ज्या शिवारांत ज्वारी नि कपाशी होत असे त्या शिवारांचीं नांवें आतां घरांच्या पत्त्यांत लिहिलीं जाऊं लागलीं. वानाडोंगरी, निलडोह, डिगडोह हीं त्यांपैकींच होत. हिंगणा स्वतः तालुक्याचें ठिकाण असलें, तरी तेथील पुष्कळ कुटुंबांचा प्रपंच नागपुराशीं बांधलेला आहे. असल्या वस्तीला आपण उपनगर म्हणतों. परंतु उपनगर म्हणजे केवळ शहराची शेपटी, कीं स्वतःचें कांहीं केंद्र असलेलें गांव, याचा विचार आपण फारसा करीत नाहीं. सकाळच्या प्रहरीं या रस्त्याच्या कडेला उभें राहिलें म्हणजे निरनिराळ्या संस्थांच्या गाड्या मुलांना भरभरून नेतांना दिसतात. एकाच गल्लींतील चार मुलें चार रंगांचे गणवेश घालून चार दिशांना जातात. त्यांना शाळासोबती आहेत, शेजारीहि आहेत. पण शाळासोबती तोच शेजारी, असा योग क्वचित् येतो.

अमेरिकेंतील उपनगराची कथा याच्या अगदीं उलट आहे. तेथें पुष्कळ ठिकाणीं गांवाची ओळख त्याच्या हायस्कुलावरून होते. शाळेला गांवाचें नांव असतें, शाळेच्या फुटबॉलच्या सामन्याला शुक्रवारीं संध्याकाळीं गांव लोटतें, शाळेच्या सभागृहांत गांवाच्या सभा भरतात, आणि शाळेचें नियामक मंडळ गांवकऱ्यांनीं बहुधा मतें देऊन निवडलेलें असतें. शाळेच्या खर्चाचा मोठा भाग घरपट्टीसारख्या स्थानिक करांतून येतो. त्यामुळें ज्याला मूल नाहीं अशा म्हाताऱ्यासहि शाळेचा भार उचलावा लागतो, आणि म्हणूनच शाळेविषयीं बोलण्याचा अधिकारहि त्याला पोंचतो. फी नाहीं, प्रवेशपरीक्षा नाहीं. हद्दींत राहणें हाच प्रवेश. आपल्याकडील मध्यमवर्गीय गृहस्थ शाळा पाहून गाडी ठरवितो; तेथील गृहस्थ शाळा पाहून घर विकत घेतो. हें चित्र आपल्याला मोहक वाटतें, आणि तें आहेहि. परंतु तें कसें घडलें व त्याची किंमत कोणी दिली हें पाहिल्यावांचून त्यावर भाळून जाणें बरें नव्हे. आणि आपल्याकडे तसें कां घडलें नाहीं, या प्रश्नाचें उत्तर तर हिंगण्याच्या परिसरांतच सांपडण्याजोगें आहे.

अमेरिकेंत या गोष्टीचा उगम फार जुना आहे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें १६४७ सालींच असा कायदा केला होता कीं, पन्नास घरांच्या गांवानें एक शिक्षक ठेवावा व शंभर घरांच्या गांवानें व्याकरणशाळा चालवावी. बायबल वाचतां यावें हा हेतु उघडच धार्मिक होता. पण भार गांवावर टाकला गेला, ही गोष्ट पुढें निर्णायक ठरली. १८२१ सालीं बोस्टन शहरानें व्यापार-उदिमांत पडणाऱ्या मुलांसाठीं इंग्रजी शिक्षणाची वरच्या दर्जाची सार्वजनिक शाळा काढली, आणि १८२७ च्या कायद्यानें मॅसॅच्युसेट्समधील पांचशें कुटुंबांच्या गांवास हायस्कूल चालविणें भाग पाडलें. तरी वाद मिटला नाहीं. प्राथमिक शाळेसाठीं कर द्यावा हें ठीक. परंतु चार मुलांच्या लॅटिनसाठीं सर्वांनीं पैसे कां मोजावेत, असें विचारणारे लोक तिकडेहि होते. मिशिगन संस्थानांतील कॅलामझू या गांवच्या कांहीं करदात्यांनीं हाच प्रश्न कोर्टांत नेला. १८७४ सालीं न्यायमूर्ति टॉमस कूली यांनीं निकाल दिला कीं, लोकांची संमति असेल तर हायस्कुलासाठीं कर बसविण्याचा अधिकार गांवच्या शिक्षणमंडळास आहे. या निकालाचा दाखला पुढें इतर संस्थानांतूनहि दिला गेला. १९१० च्या सुमारास त्या देशांत हायस्कुलाचा शिक्षणक्रम पुरा करणारीं मुलें शंभरांत नऊच्या आसपास होतीं. १९४० च्या सुमारास तीं निम्म्यांवर गेलीं. तीस वर्षांत असा पालट क्वचितच कोठें झाला असेल, आणि तो घडवून आणण्यांत मध्यवर्ती सरकारच्या हुकुमापेक्षां गांवोगांवच्या करदात्यांचा वांटा फार मोठा होता.

आतां आपल्याकडे वळूं. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा पाद्री १८४५ सालीं नागपुरास आला तेव्हां येथें भोसल्यांचें राज्य होतें. १८४६ मध्यें त्यानें शाळा काढली. गांवांत पंतोजींच्या शाळा होत्या, शास्त्र्यांच्या पाठशाळा होत्या. पण इंग्रजी आणि पाश्चात्य विद्या यांचा प्रवेश या मिशनच्या दारानेंच झाला. हा हिस्लॉप विलक्षण मनुष्य होता. धर्मप्रसार हें त्याचें काम. पण नागपूरभोंवतालचे खडक, त्यांतील जीवाश्म, गोंडांच्या चालीरीति, अशा कितीतरी गोष्टींत त्यानें मन घातलें होतें. सांप्रतच्या हिंगणा तालुक्यांतील टाकळघाट येथें प्राचीन शिलावर्तुळें आहेत. तीं पाहण्यासाठीं तो मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर गेला होता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं परततांना पुरानें भरलेल्या ओढ्यांत तो बुडून मरण पावला. पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं नागपूर विद्यापीठानें शां. भा. देव यांच्या देखरेखीखालीं टाकळघाटास उत्खनन केलें, तेव्हां तेथील जुन्या वस्तीचे अवशेष उजेडांत आले. नागपुरच्या इंग्रजी शिक्षणाचा आरंभ करणारा मनुष्य हिंगण्याच्या मातींत संपला, ही गोष्ट तालुक्यांतील किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल कोण जाणे.

१८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी वारले व १८५४ सालीं राज्य खालसा झालें. त्याच वर्षीं वुडचा प्रसिद्ध खलिता निघाला. सरकारनें सर्वच शाळा स्वतः चालवाव्यात असें त्यांत नव्हतें. खाजगी मंडळींनीं शाळा काढाव्यात व सरकारनें अनुदान द्यावें, असें धोरण होतें. वरवर पाहतां हें लोकांच्या उत्साहाला आवाहन होतें. परंतु अनुदान मिळवावयाचें तर अगोदर इमारत, मास्तर आणि जमाखर्च यांची तजवीज हवी. आणि ती करण्याचें सामर्थ्य मिशनांत, सरकारी नोकरांत, वकिलांत व सावकारांत होतें, हिंगण्यासारख्या गांवांत नव्हतें. मध्यप्रांताचें शिक्षणखातें १८६२ सालीं सुरू झालें. हायस्कुलें उभीं राहिलीं तीं कचेऱ्या, कोर्टें आणि आगगाडी यांच्या आसपास. तेथील अभ्यासक्रमाची दिशा गांवानें ठरविली नाहीं. ती दूर कलकत्त्याच्या व पुढें अलाहाबादच्या विद्यापीठाच्या परीक्षेनें ठरविली. नागपूरचें स्वतःचें विद्यापीठ १९२३ सालीं झालें. कॅलामझूचा निकाल लागला त्या सुमारास आपल्या खेड्यांतील हुशार मुलापुढें एकच वाट होती: बोचकें बांधून शहर गांठणें.

यावर कोणी असें म्हणेल कीं, आपल्या लोकांनीं शिक्षणासाठीं पदर झाडला नाहीं, मग शाळा कोठून येणार? हा आक्षेप खोटा आहे. मुंबई इलाख्यांत १८६० नंतर शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड घेतला जाई व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठीं असे. मध्यप्रांतांतहि जमीनमहसुलाबरोबर शाळापट्टी होतीच. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन देतांना जोतीराव फुले यांनीं नेमकें याच वर्मावर बोट ठेवलें. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामांतून येतो आणि सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर सढळ खर्च करतें, असा त्यांचा आरोप होता. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे कर आपल्या शेतकऱ्यानेंहि दिला, मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यानेंहि दिला. भेद इतकाच कीं, त्याच्या पैशाची शाळा त्याच्या चव्हाट्यावर उभी राहिली व ती कशी चालावी हें ठरवितांना त्याचा हात वर झाला. आपल्या शेतकऱ्याचा पैसा तालुक्याच्या खजिन्यांतून निघून गेला आणि शाळा कोठें उघडावी हें त्याला कोणी विचारलें नाहीं.

मग आपल्या समाजानें शिक्षणासाठीं केलें काय? केलें, आणि पुष्कळ केलें. पण निराळ्या रीतीनें. शहरांत आलेल्या गरीब ब्राह्मण मुलाला वार लावून जेवण्याची सोय असे. सात घरीं सात दिवस, कोणाच्या ओसरीवर पथारी, आणि म्युनिसिपालिटीच्या कंदिलाखालीं अभ्यास, अशीं चरित्रें आपण लहानपणापासून वाचीत आलों आहोंत. त्यांत अवमान होता, उपकाराचें ओझें होतें; तरी वाट होती. कुणबी, माळी, तेली यांच्या मुलाला ही वाट खुली नव्हती, आणि महाराच्या मुलाला तर ओसरीचीहि बंदी. म्हणून प्रत्येक जातीनें आपापल्या मुलांसाठीं बोर्डिंग काढलें. १९०१ सालीं शाहू छत्रपतींच्या आश्रयानें कोल्हापुरांत मराठा बोर्डिंग निघालें, आणि पुढें त्यांच्याच उत्तेजनानें तेथें जैनांचें, लिंगायतांचें, मुसलमानांचें अशीं अनेक वसतिगृहें निघालीं. अमेरिकेंत गांवानें शाळा बांधली. आपल्याकडे जातीनें वसतिगृह बांधलें. माझ्या मतें आपल्या माध्यमिक शिक्षणाच्या सामाजिक इतिहासाचें मर्म येथें आहे. हायस्कुलाभोंवतीं समाज आपल्याकडेहि जमला, पण तो एका शिवेच्या आंत राहणाऱ्यांचा समाज नव्हता.

या गोष्टीस केवळ परिस्थिति कारण नव्हती. गांवाच्या इच्छेवर शाळा सोंपविली असतां काय होई, याचे दाखले आपल्या इतिहासांत आहेत आणि ते सुखाचे नाहींत. जून १८५६ मध्यें धारवाडच्या एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश न मिळाल्याबद्दल मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारनें कबूल केलें कीं न्याय मुलाच्या बाजूस आहे. परंतु एका मुलासाठीं बहुसंख्यांना शाळा निरुपयोगी करणें योग्य नाहीं, असें म्हणून अर्ज फेटाळला. वरिष्ठ सरकारनें याबद्दल नापसंती दर्शविली खरी. तरी तत्त्व आणि व्यवहार यांतील अंतर पुढें कित्येक दशकें तसेंच राहिलें. नागपुरांतहि हेंच झालें. जाईबाई चौधरी या महार समाजांतील स्त्रीनें हमालीचें काम करीत असतां एका मिशनरी बाईच्या साहाय्यानें शिक्षण घेतलें व मिशनच्या शाळेंत शिक्षिकेची जागा मिळविली. पण त्यांची जात कळतांच स्पृश्य पालकांनीं हरकत घेतली आणि ती नोकरी सुटली. १९२२ सालीं त्यांनीं नागपुरांतच चोखामेळ्याच्या नांवानें मुलींची शाळा काढली. येथें पालक म्हणजे गांवच होतें, शेजारच होता. डॉ. आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेंत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळें बसावें लागे. १९१३ सालीं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पोंचले, तेथें जॉन ड्यूई हे त्यांचे गुरु झाले, आणि त्याच वर्षांत अमेरिकेच्या गांवोगांवीं हायस्कुलें उठत होतीं. शाळा ही सहजीवनाची जागा आहे हें ड्यूईंचें म्हणणें ज्यानें गोणपाटावर बसून शिक्षण घेतलें त्याला किती निराळ्या अर्थानें लागलें असेल!

पण अमेरिकेच्या घराचीहि मागची बाजू पाहिली पाहिजे. बोस्टनच्याच सारा रॉबर्ट्स या काळ्या मुलीला जवळची शाळा सोडून दूरच्या निराळ्या शाळेंत जावें लागे. तिच्या बापानें फिर्याद केली ती १८५० सालीं कोर्टानें फेटाळली. १८५५ सालीं त्या संस्थानानें कायदा करून हा भेद काढला. दक्षिणेंत तो १९५४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापर्यंत राजरोस चालला. आणि निकाल लागल्यावर भिंत पडली असें नव्हे, ती सरकली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या शहरांभोंवतीं नवीं उपनगरें वसूं लागलीं. न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून वसलेल्या लेव्हिटाउनच्या करारनाम्यांत आरंभीं गोऱ्यांवांचून इतरांस राहूं न देण्याची अट होती. शाळेचा प्रवेश घराच्या पत्त्यावर अवलंबून, आणि पत्ता मिळणें कातडीवर व खिशावर अवलंबून. मग शाळेच्या दारावर पाटी लावण्याची गरजच काय? १९७३ सालीं सुप्रीम कोर्टानें असें ठरविलें कीं, श्रीमंत हद्दीची शाळा श्रीमंत व गरीब हद्दीची गरीब राहिली तरी तेवढ्यानें राज्यघटनेचा भंग होत नाहीं. आणि १९७४ सालीं डेट्रॉइटच्या खटल्यांत, शहराबाहेरच्या उपनगरांना शहराच्या शाळांत गुंतवितां येत नाहीं असा निकाल पांच विरुद्ध चार मतांनीं दिला. ज्या हद्दीनें शाळेला आपलेपण दिलें त्याच हद्दीनें परक्यांना बाहेर ठेवलें. आपल्याकडे जातीनें जें केलें तें तिकडे पुष्कळ अंशीं सातबाऱ्यानें केलें, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

शाळा गांवाची व्हावी असे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहींत असें मात्र नाहीं, आणि त्यांतील एक मोठा प्रयत्न हिंगण्याच्या शेजारींच झाला. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. त्याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनीं विद्यामंदिर योजना मांडली. योजना साधी होती: गांवांतील दात्यांनीं वर्षाला सुमारें २०० रुपये उत्पन्नाची जमीन शाळेस द्यावी व त्या उत्पन्नावर शाळा चालावी. करानें जें साधलें नव्हतें तें दानानें साधण्याचा हा यत्न होता. परंतु 'मंदिर' या नांवालाच मुसलमानांनीं हरकत घेतली आणि वाद पेटला. १९३९ च्या नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिल्यावर योजनेचा जोर ओसरला. नांवाचा वाद क्षुल्लक म्हणून हंसण्यावारी नेणें सोपें आहे. पण गांवाची शाळा म्हणतांना गांवांत कोण कोण धरावयाचे, हाच प्रश्न त्या नांवाच्या आडून विचारला जात होता.

साताऱ्याकडे भाऊराव पाटलांनीं या प्रश्नाला अधिक धीटपणें हात घातला. १९१९ सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास असें वसतिगृह काढलें कीं ज्यांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवत. जातीच्या बोर्डिंगाची परंपरा त्यांनीं मोडली ती व्याख्यानें देऊन नव्हे, ताटें मांडून. बायकांनीं दळणाच्या वेळीं मूठभर धान्य संस्थेसाठीं बाजूस काढावें, अशी मुष्टिफंडाची रीत त्यांनीं पाडली. स्थानिक कराच्या इतकी जवळ जाणारी दुसरी गोष्ट आपल्या शिक्षणाच्या इतिहासांत मला आढळत नाहीं, आणि ती सरकारच्या नव्हे, जात्यावर बसलेल्या बायकांच्या हातून झाली. १९४० सालीं साताऱ्यांत सयाजीरावांच्या नांवानें जें हायस्कूल निघालें, तेथें मुलें श्रम करून विनाफी शिकत. विदर्भांत पंजाबराव देशमुखांनीं अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या द्वारें शेतकऱ्यांच्या मुलांस हायस्कुलाची वाट मोकळी करून दिली. तरीहि हीं सर्व संस्थांचीं हायस्कुलें. संस्था थोर असेल, चालक निःस्वार्थी असतील. परंतु गांव तेथें दाता असतें किंवा याचक असतें, मालक नसतें.

१९६२ सालीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. हायस्कुलें बहुतांशीं अनुदानित संस्थांकडेच राहिलीं. १९६६ सालीं कोठारी आयोगानें शेजारशाळेची शिफारस केली: एका वस्तींतील सर्व मुलें, मालकाचीं आणि मोलकरणीचीं, एकाच शाळेंत जावीत. शिफारस सर्वांना पटली व कोणीं पाळली नाहीं. हिंगण्याची औद्योगिक वसाहत वाढली ती याच काळांत. कामगार बाहेरून आले, कोणी छत्तीसगढकडून, कोणी विदर्भाच्या दुसऱ्या टोंकाकडून. त्यांच्या मुलांसाठीं जिल्हा परिषदेची शाळा, आणि ज्यांना परवडे त्यांच्यासाठीं शहरांतील किंवा रस्त्यावरील संस्थेची. नवीं उपनगरें वसतांना त्यांत एक शाळा सर्वांची म्हणून मध्यभागीं आंखावी, असें नकाशा काढणाऱ्यांस सुचलें नाहीं. सुचलें असतें तरी पालकांनीं तें मान्य केलें असतें कीं नाहीं याची मला शंका आहे. यांत आपण सुशिक्षित मंडळी सर्वांत अधिक दोषी आहोंत. सरकारी शाळेचा दर्जा घसरला म्हणून आपण मुलें काढलीं, कीं आपण मुलें काढलीं म्हणून दर्जा घसरला, याचा हिशेब आपण कधीं प्रामाणिकपणें मांडलाच नाहीं.

१ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शेजार हा शब्द पुन्हा पुढें आणला. खाजगी शाळांनीं आरंभीच्या वर्गांतील पाव जागा आसपासच्या दुर्बल घटकांच्या मुलांस द्याव्यात, असें त्यांत आहे. ज्या खाजगी शाळेपासून एका किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा आहे तिला यांतून वगळण्याचा नियम महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं केला. मुंबई हायकोर्टानें तो त्याच वर्षीं जुलैंत रद्द केला व सुप्रीम कोर्टानेंहि हायकोर्टाचा निर्णय उचलून धरला. एवढी झुंज झाली ती चांगल्याच गोष्टीसाठीं झाली. परंतु या कायद्याची मर्यादा सहा ते चौदा वर्षें, म्हणजे आठवीपर्यंत. पाव जागेवर बसलेलें मूल आठवी उत्तीर्ण झालें कीं फीचा प्रश्न पुन्हा त्याच्या बापापुढें येतो. जेथें हायस्कुलाचे शेवटले, परीक्षेचे वर्ग सुरू होतात, नेमकें तेथेंच कायद्याचें बोट सुटतें.

२०२० च्या जानेवारींत सीताबर्डीपासून हिंगणा रस्त्यावरील लोकमान्य नगरापर्यंत मेट्रोची गाडी सुरू झाली. दप्तरें पाठीवर घेतलेलीं मुलें तिनेंहि शहराकडे जातात. १८४५ सालीं आलेल्या हिस्लॉपनें बिऱ्हाड केलें तें सीताबर्डीसच. पावणेदोनशें वर्षांनंतर हिंगण्याच्या बाजूचें मूल मोठ्या शाळेसाठीं अजून त्याच दिशेनें निघतें, आणि त्याच्या घराजवळच्या शाळेची घंटा गाडीच्या बंद कांचांतून त्याला ऐकूं येत नाहीं.